कुठला स्वर, किती आणि केव्हा : मल्टिबँड कम्प्रेसर व डायनॅमिक इक्वलायझर यांचे कार्य

ध्वनिमुद्रित आवाजावर संस्कार करण्याची दोन मूळ साधने आहेत. पहिले इक्वलायझर. आवाजातील खर्जाचा, मधला किंवा तार भाग किती ठेवायचा हे त्याने ठरते. दुसरे कम्प्रेसर. आवाज ठरावीक मर्यादेच्या वर गेला की तो आवरून धरण्याचे काम ते करते. इक्वलायझरला काळाचे भान नसते, कारण एकदा बसवलेला फरक तो मैफलीच्या आरंभापासून भैरवीपर्यंत तसाच लावतो. साध्या कम्प्रेसरला स्वरस्थानाचे भान नसते. डग्ग्याच्या एका घुमाऱ्याने मर्यादा ओलांडली तर गाणाऱ्याचा आवाज आणि तंबोऱ्याची जवारीही तो त्याबरोबर खाली ओढतो. या दोन उणिवांवर उपाय म्हणून पुढे आलेली दोन साधने म्हणजे मल्टिबँड कम्प्रेसर आणि डायनॅमिक इक्वलायझर. दोन्ही साधने आवाजाचा ठरावीक भाग, ठरावीक वेळी, ठरावीक प्रमाणात बदलतात. मात्र त्यांची कार्यपद्धती वेगळी आहे आणि त्यांचे दोषही वेगळे आहेत.

माळव्याचे उदाहरण

या विषयाचे मर्म समजून घेण्यास माळव्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल. धार आणि देवास ही पवार घराण्याची संस्थाने होती आणि तेथे मराठी भाषा व संगीत पिढ्यान्‌पिढ्या नांदले. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेले आणि मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारामुळे हवापालटासाठी देवासला आले. पुढे १९९२ मध्ये निधन होईपर्यंत ते तेथेच राहिले. आजारपणाच्या वर्षांत गाणे बंद असताना त्यांच्या कानी माळव्यातील लोकधुना पडत राहिल्या. त्यांतूनच त्यांचे धुनउगम राग आणि पुढे लोकगीतांचे कार्यक्रम आकाराला आले.

आजाराने एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाल्यावर त्यांची गायकी ज्या रूपात प्रकटली, तिच्यात लहान लहान स्वरवाक्ये, अचानक उसळणारा तार स्वर, लगेच येणारी अतिशय हळवी फेक आणि मध्ये जाणीवपूर्वक सोडलेली शांतता यांना मोठे स्थान आहे. त्या शांततेत तंबोरे बोलत असतात. म्हणजे आवाजातील चढउतार हा येथे आशयाचाच भाग आहे. आवाज सपाट करणारे यंत्र अशा गायकीला लावले तर काय होईल, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ तांत्रिक राहत नाही.

दुसरे टोक उघड्या माळावरचे. धार शहराजवळचे तिरला हे आदिवासीबहुल विकासखंडाचे ठिकाण. धार, झाबुआ, अलीराजपूर या जिल्ह्यांत होळीपूर्वी भगोरियाचे बाजार भरतात आणि ढोल-मांदळ घुमतात. अशा परिसरात स्त्रियांचे समूहगीत एका मायक्रोफोनवर मुद्रित केले आणि जवळच मांदळ वाजत असला, तर फितीवर दोन्ही एकात एक मिसळून येतात. मांदळाचा जोर प्रामुख्याने खालच्या पट्ट्यात असतो, गीताचे शब्द मधल्या व वरच्या पट्ट्यात. शब्द ऐकू यावेत पण मांदळ मांदळच राहावा, अशी अपेक्षा येथे असते.

मोजमापाची भाषा

ध्वनीची कंपने एका सेकंदात किती वेळा होतात ती त्याची वारंवारता, आणि तिचे एकक हर्ट्‌झ. निरोगी तरुण कानाची श्रवणमर्यादा साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्‌झ मानली जाते. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झवर, पंचम सुमारे २०८ वर आणि तार षड्ज सुमारे २७७ वर येतो. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्‌झवर बोलते. मात्र कोणताही स्वर एकटा नसतो. मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा स्वयंभू स्वरांची रांग त्याच्यासोबत असते. तंबोऱ्याची जवारी म्हणजे या वरच्या स्वरांचाच फुलोरा होय. म्हणून ६९ हर्ट्‌झची खर्जाची तार काही हजार हर्ट्‌झपर्यंत पसरलेली असते.

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. ६ डेसिबलची वाढ म्हणजे कंपनांचा विस्तार दुप्पट होणे. कानाला मात्र आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ लागते.

कम्प्रेसरचे चार निर्णय

कम्प्रेसर चार गोष्टींवर चालतो. उंबरठा म्हणजे ज्या पातळीच्या वर आवरण्याचे काम सुरू होते ती पातळी. गुणोत्तर म्हणजे उंबरठ्यावरचा आवाज किती प्रमाणात आवळायचा ते माप. उदाहरणार्थ, गुणोत्तर ४:१ असेल आणि आवाज उंबरठ्याच्या ८ डेसिबल वर गेला, तर बाहेर पडताना तो केवळ २ डेसिबल वर राहतो, म्हणजे ६ डेसिबलची घट होते. आघातकाल म्हणजे ही घट लागू होण्यास लागणारा वेळ, आणि मुक्तिकाल म्हणजे आवाज पुन्हा खाली आल्यावर घट सुटण्यास लागणारा वेळ.

या दोन वेळांची निवड वारंवारतेशी बांधलेली असते. ५० हर्ट्‌झच्या ध्वनीचे एक आवर्तन २० सहस्रांश सेकंदांचे असते, तर ५,००० हर्ट्‌झच्या ध्वनीचे एक सहस्रांश सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतके. यंत्र अतिशय चपळ ठेवले तर ते खर्जाच्या एकाच लाटेच्या आत वरखाली होऊ लागते आणि आवाज फाटतो. मंद ठेवले तर ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारख्या वर्णांचे टोकदार फूत्कार हातातून निसटतात. सर्व पट्ट्यांना एकच वेळ लावणे हीच साध्या कम्प्रेसरची अडचण होय.

मल्टिबँड कम्प्रेसर : आधी विभागणी, मग आकुंचन

मल्टिबँड कम्प्रेसर आवाजाचे प्रथम तीन, चार किंवा अधिक पट्ट्यांत विभाजन करतो. प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र कम्प्रेसर असतो, त्याचा उंबरठा, गुणोत्तर, आघातकाल व मुक्तिकाल वेगळे असतात. शेवटी सर्व पट्टे पुन्हा एकत्र केले जातात. तिरल्याच्या कल्पित ध्वनिमुद्रणात २०० हर्ट्‌झखालचा पट्टा वेगळा काढून त्यालाच ३:१ गुणोत्तर लावले, तर मांदळाच्या प्रत्येक घुमाऱ्याला तो पट्टा आवरला जाईल आणि गीताचे शब्द जागचे हलणार नाहीत. साध्या कम्प्रेसरने मात्र प्रत्येक ठोक्याला समूहगीत बुडाले आणि ठोक्यांमधील पोकळीत पुन्हा वर आले असते. या धापा टाकल्यासारख्या परिणामाला तंत्रज्ञ ‘पंपिंग’ म्हणतात.

तथापि ही विभागणी फुकट मिळत नाही. मांदळाचा घुमारा खालच्या पट्ट्यात असला तरी कातड्यावर पडणाऱ्या थापेचा कडक आवाज वरच्या पट्ट्यात जातो. खालचा पट्टा आवळला की घुमारा घटतो, थाप तशीच राहते आणि वाद्य पोकळ वाटू लागते.

दुसरा दोष सीमारेषेवरचा. पट्टे वेगळे करणाऱ्या चाळण्या भिंतीसारख्या उभ्या नसतात, त्यांना उतार असतो. १९७६ मध्ये मांडला गेलेला आणि आजही बहुप्रचलित असलेला लिंक्विट्झ-रायली प्रकार घेतला, तर सीमेवर दोन्ही पट्टे प्रत्येकी ६ डेसिबल खाली असतात आणि त्यांची बेरीज पातळीच्या दृष्टीने समतल येते. पण लाटांच्या परस्पर कालसंबंधात, म्हणजे कलेत, फरक पडतो. कोणतेही आकुंचन चालू नसतानाही हा फरक आवाजात राहतो. तो टाळणाऱ्या रेखीय कलेच्या चाळण्या संगणकावर उपलब्ध आहेत. परंतु त्यांमुळे विलंब वाढतो आणि तबल्याच्या ठोक्यापूर्वीच त्याची अस्पष्ट चाहूल ऐकू येण्याचा धोका असतो.

सीमा कोठे आखली हेही महत्त्वाचे. वर सांगितलेल्या काळी एकच्या गायकासाठी सीमा २४० हर्ट्‌झवर ठेवली, तर पंचमाचा मूळ स्वर खालच्या पट्ट्यात आणि तार षड्जाचा वरच्या पट्ट्यात पडेल. पंचमावरून तार षड्जाकडे जाणाऱ्या मींडेत गळ्याचा पोत मध्येच बदलल्यासारखा भासेल. गायकाने न केलेला बदल यंत्राने केला असे होईल.

डायनॅमिक इक्वलायझर : विभागणीविना

डायनॅमिक इक्वलायझर आवाजाचे तुकडे करत नाही. संपूर्ण आवाज इक्वलायझरच्या एका किंवा अनेक चाळण्यांतून सलग जातो. प्रत्येक चाळणीला मध्यवर्ती वारंवारता आणि रुंदी असते. फरक इतकाच की चाळणीची खोली स्थिर नसते. एक स्वतंत्र निरीक्षक परिपथ त्याच भागातील पातळी क्षणोक्षणी मोजत राहतो. पातळी उंबरठा ओलांडते तेव्हाच चाळणी कार्यरत होते आणि ओलांडीच्या प्रमाणात खोल होत जाते. पातळी उतरली की चाळणी पुन्हा सपाट होते. सामान्य घंटाकार चाळणी सपाट असताना आवाज जसाच्या तसा बाहेर पडतो. विश्रांतीच्या वेळी आवाजाला स्पर्श न करणे हा या साधनाचा मोठा गुण.

मैफलीतील एक नेहमीचा प्रसंग पाहता येईल. एकाच दिशेने ऐकणाऱ्या मायक्रोफोनच्या जवळ गायक आला की खालच्या वारंवारता फुगतात. हा त्या मायक्रोफोनच्या रचनेचाच गुणधर्म आहे. आपले गायक स्थिर बसून गात नाहीत. ते झुकतात, मान वळवतात, मागे सरतात. त्यामुळे जवळ आल्यावर आवाज गढूळ आणि दूर गेल्यावर पातळ होतो. साध्या इक्वलायझरने १५० हर्ट्‌झचा भाग कायमचा कमी केला तर दूर गेलेला आवाज आणखी पातळ होईल. डायनॅमिक इक्वलायझरमध्ये १५० हर्ट्‌झवर रुंद चाळणी, उंबरठा उणे २४ डेसिबल आणि गुणोत्तर २:१ ठेवले, तर त्या भागाची पातळी उणे १६ पर्यंत चढल्यावर ८ डेसिबलच्या ओलांडीपैकी ४ डेसिबल कापले जातील. गायक मागे सरून पातळी उणे २६ झाली की काहीही कापले जाणार नाही. शिवाय कमाल घट, उदाहरणार्थ ६ डेसिबल, आधीच ठरवून देता येते.

निरीक्षकाला दुसऱ्याच आवाजाकडे लक्ष ठेवण्यासही सांगता येते. नाट्यपदाच्या ध्वनिमुद्रणात ऑर्गन गायकाच्या शब्दांवर चढत असेल, तर ऑर्गनवर २,००० ते ४,००० हर्ट्‌झच्या भागात चाळणी ठेवून तिचा निरीक्षक गायकाच्या मायक्रोफोनला जोडतात. गायक गात असेल तेवढाच वेळ ऑर्गनचा तो भाग दोन-तीन डेसिबल मागे सरतो. आलापाच्या जागा ऑर्गन भरू लागला की पूर्ण तेजाने परततो. मात्र यासाठी दोन्ही आवाज वेगवेगळ्या मार्गिकांवर मुद्रित झालेले असावे लागतात.

डी-एसर हे याच कुळातील सर्वांत परिचित साधन. साधारण ५,००० ते ८,००० हर्ट्‌झच्या भागातील फूत्कार वाढले की तेवढ्याच क्षणापुरता तो भाग ते खाली आणते. वृत्तनिवेदन, कीर्तन, भाषण अशा सर्वच मुद्रणांत त्याचा उपयोग होतो. अतिरेक झाला की मात्र निवेदक बोबडा वाटू लागतो.

जुन्या फिती आणि डॉल्बी

निवडक आकुंचनाचे तत्त्व संगणकापेक्षा जुने आहे. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये स्थापन केलेल्या प्रयोगशाळेची व्यावसायिक फितींसाठीची ‘ए’ पद्धत आवाज चार पट्ट्यांत विभागत असे. मुद्रणाच्या वेळी प्रत्येक पट्ट्यातील मंद आवाज उचलले जात आणि वाजवताना तितकेच खाली आणले जात. त्यासोबत फितीची सरसरही खाली जाई. घरगुती कॅसेटसाठी १९६८ मध्ये आलेली ‘बी’ पद्धत फक्त वरच्या पट्ट्यावर काम करी. तेथील मंद आवाज ती सुमारे १० डेसिबलपर्यंत उचलत असे.

यातून आजच्या संग्राहकांपुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. गोव्यात, महाराष्ट्रात आणि माळव्यातही मैफलींच्या कॅसेटी घराघरांत आहेत. ‘बी’ पद्धतीने मुद्रित कॅसेट ती पद्धत न उलगडता वाजवली तर आवाज कर्कश येतो, आणि विशेष म्हणजे हळू आवाजात तो जास्त कर्कश असतो. येथे साधा इक्वलायझर अपुरा पडतो, कारण मोठ्या आवाजात कर्कशपणा जवळजवळ नसतोच. योग्य उपाय म्हणजे उलगडणारे यंत्र वापरणे. ते नसेल तर मंद आवाजातच वरचा पट्टा कमी करणारा डायनॅमिक इक्वलायझर सत्याच्या काहीसा जवळ जातो. याउलट साधी कॅसेट डॉल्बीचे बटण दाबून वाजवली तर जवारी मंदावते, आणि हा तोटा हस्तांतरणात कायमचा नोंदला जातो.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची स्थिती आणखी नाजूक. १९२५ नंतर विद्युत मुद्रण आले तरी वरच्या वारंवारता फारशा नोंदल्या जात नसत. केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहां हो’ ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीत समाविष्ट झाली. तीही जुन्या, सुमारे साडेतीन मिनिटांच्या मुद्रणावरूनच. अशा तबकड्यांत जे नोंदलेच गेले नाही ते आकुंचनाने निर्माण होत नाही. वरचा पट्टा उचलला तर स्वराऐवजी खरखर वर येते. आणि खरखर दाबण्यासाठी त्या पट्ट्याला उंबरठ्याखाली गेल्यावर बंद करणारे यंत्र लावले, तर गायिकेचा श्वास आणि तंबोऱ्याची विरत जाणारी आस त्याच्याबरोबर जाते.

कानयंत्रातील कम्प्रेसर

हे तंत्र हजारो ज्येष्ठ नागरिकांच्या कानामागे अहोरात्र चालू असते. वाढत्या वयात प्रथम वरच्या वारंवारतांचे श्रवण क्षीण होते. हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच मोठे वाटतात. म्हणजे ऐकू येणे आणि असह्य होणे यांमधील अंतर आकसते. केवळ सर्व आवाज वाढवला तर नातवंडाचे हळू बोलणे ऐकू येते, पण भांडे पडले की कान दुखतो. म्हणून आधुनिक डिजिटल कानयंत्र आवाज अनेक पट्ट्यांत विभागते आणि ज्या पट्ट्यात श्रवण कमी आहे तेथे हळू आवाज अधिक, मोठे आवाज कमी उचलते.

ही मांडणी प्रामुख्याने बोलणे समजण्यासाठी केलेली असते. संगीतात चढउतार बोलण्यापेक्षा मोठे असतात आणि तंबोऱ्यासारखा अखंड नाद असतो. अनेक यंत्रे अखंड नादाला गोंगाट किंवा शिट्टी समजून दाबतात. म्हणूनच जन्मभर गाणे ऐकलेल्या व्यक्तीला नव्या कानयंत्रातून मैफल बेसूर किंवा निर्जीव वाटू शकते. असा अनुभव आल्यास यंत्र काढून ठेवण्याऐवजी श्रवणतज्ज्ञाकडे संगीतासाठी वेगळा कार्यक्रम मागावा. त्यात गुणोत्तर कमी, मुक्तिकाल दीर्घ आणि गोंगाट दाबण्याची व शिट्टी रोखण्याची सोय सौम्य किंवा बंद ठेवलेली असते.

निवड आणि मर्यादा

दोहोंपैकी कोणते वापरावे याचे साधे सूत्र असे मांडता येते. संपूर्ण रुंद पट्टा सतत अस्थिर असेल, किंवा वेगवेगळ्या पट्ट्यांना स्पष्टपणे वेगळे आघातकाल हवे असतील, तर मल्टिबँड कम्प्रेसर उपयोगी. दोष अरुंद आणि अधूनमधून येणारा असेल, जसे मंडपाच्या एका कोपऱ्यात घुमणारा स्वर, टोचणारा व्यंजनाचा फूत्कार किंवा मायक्रोफोनजवळचा गढूळपणा, तर डायनॅमिक इक्वलायझर श्रेयस्कर. दोष कायम असेल तर या दोहोंची गरज नाही. साधा इक्वलायझर पुरेसा आहे.

तरी एक गोष्ट कोणतेही यंत्र जाणत नाही. पंचमाचा स्वर खोलीच्या घुमाऱ्याने वाढला की गायकाने त्यावर मुद्दाम जोर दिला, हे पातळी मोजणाऱ्या निरीक्षकाला कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही केवळ उंबरठ्याची ओलांडी आहेत. देवासच्या गायकाने शांततेनंतर अचानक लावलेला तार स्वर यंत्राच्या दृष्टीने दोषच ठरतो. हा भेद ऐकणाऱ्यालाच करावा लागतो.

म्हणून संग्रहाच्या कामात काही पथ्ये पाळली जातात. प्रथम फितीचे वा तबकडीचे कोणताही संस्कार न केलेले हस्तांतरण करून ते जपावे. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिकेत यासाठी किमान २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झ ही पातळी सुचवलेली आहे. डॉल्बीसारख्या पद्धतीचा वापर झाला आहे का, हे मूळ वेष्टनावरून तपासून नोंदवावे. संस्कारित प्रत स्वतंत्र ठेवावी आणि तिच्यावर कोणत्या वारंवारतेला किती घट लावली याची टीप जोडावी. संस्कार करताना मूळ आणि बदललेला आवाज समान पातळीवर आणून आलटून-पालटून ऐकावा, कारण जो आवाज किंचित मोठा असतो तोच कानाला चांगला वाटतो. शेवटी गायक थांबलेला असतानाचा भाग पुन्हा ऐकावा. तेथे तंबोरा सम पातळीवर बोलत असेल तर मांडणी ठीक आहे. प्रत्येक स्वरवाक्यानंतर तो फुगून वर येत असेल, तर उंबरठा वर न्यावा, गुणोत्तर कमी करावे किंवा ते साधनच काढून टाकावे.